फोन हातात आहे, पण कोणाच्या?

बोनकोडे हे नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या नोडने चहूबाजूंनी वेढलेले गावठाण. जमिनी सिडकोकडे गेल्या, मूळ आगरी-कोळी कुटुंबे जागेवर राहिली आणि त्यांच्या घरांवर मजले चढले. त्या मजल्यांत भाडेकरू आले: बाजार समितीत राबणारे, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत पाळी करणारे, सेक्टरांमध्ये घरकामाला जाणाऱ्या बायका. अशा वस्तीतल्या पेशंटांबद्दल एक वाक्य हटकून कानावर येते, ‘यांना मोबाइलवर काही जमत नाही, यांची तयारीच नसते.’

हा पहिला गैरसमज, आणि बाकीचे बरेचसे त्याच्याच पोटातून निघतात. रक्ताच्या रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडणारी, संपलेल्या गोळ्यांची स्ट्रिप मेडिकलवाल्याला फोटोत दाखवणारी माणसे इथे गल्लोगल्ली सापडतील. टाइप करता येत नाही म्हणून आजी आवाज रेकॉर्ड करून पाठवते; तिला कोणी ‘डिजिटल’ म्हणत नाही, एवढेच. अडचण वेगळी आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे अनेकींच्या घरात फोन असतो, पण तो नवऱ्याचा किंवा मुलाचा. ओटीपी येतो तेव्हा फोन महापेच्या कारखान्यात आणि बाई दवाखान्याच्या खिडकीसमोर. शिवाय क्षयाचा रिपोर्ट किंवा गर्भनिरोधकाची आठवण दुसऱ्याच्या फोनवर झळकणे कोणाला आवडेल? ती ‘नको’ म्हणते, त्यात अज्ञानापेक्षा शहाणपण जास्त असते.

कोविडच्या लसीने हे उघडे पाडले. २८ एप्रिल २०२१ ला १८ ते ४४ वयोगटासाठी को-विनवर नोंदणी सुरू झाली आणि सुरुवातीला ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय त्यांना लस नव्हती. ज्याचे बोट चपळ आणि इंटरनेट वेगवान, त्याला स्लॉट. शहरातली माणसे गावांकडच्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली. ३१ मे च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले. पुढे थेट केंद्रावर जाऊन नोंदणीची सोय सर्व प्रौढांसाठी झाली. लसीला कोण तयार होते आणि अ‍ॅपला कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. तेव्हा ते सर्रास एकत्र केले गेले.

मोबाइलवरचे आरोग्य म्हणजे अ‍ॅप, हा दुसरा समज अ‍ॅप विकणाऱ्यांना सोयीचा आहे. मुंबईतली ‘अरमान’ ही संस्था डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केली. तिचा ‘एममित्र’ उपक्रम गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना फोन करतो. महिन्याला साजेशी माहिती आवाजात ऐकवतो. वाचता आलेच पाहिजे असे नाही, इंटरनेट लागत नाही, बटणांचा जुना फोन चालतो. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ पासून याच धर्तीवर चालते: दुसऱ्या तिमाहीपासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ संदेश. क्षयरोगाच्या ‘९९डॉट्स’मध्ये गोळी पाकिटातून काढली की मागे दडलेला नंबर दिसतो आणि त्यावर फुकट फोन लावायचा, गोळी घेतल्याची नोंद होते. साध्या मजकुराच्या संदेशांनीही काम होते. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर दोन वर्षे चाचणी झाली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आहार-व्यायामाचे एसएमएस मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना.

पण म्हणून फोन जादू करतो असेही नाही. मध्य प्रदेशात ‘किलकारी’ची चाचणी झाली तेव्हा गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढलेला दिसला, निव्वळ स्तनपानात मात्र फरक पडला नाही. सासू समोर बसून बाळाला मध चाटवत असेल तर फोनवरच्या ताईचे किती चालणार!

फोनवरून दिलेली चिठ्ठी बेकायदा, असे काही मेडिकलवालेही अजून सांगतात. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, आवाज किंवा मजकूर यांपैकी कशानेही सल्ला देऊ शकतो. चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. औषधांच्या याद्या ठरलेल्या आहेत: पॅरासिटामॉल, ओआरएससारखी औषधे कशाही सल्ल्यावर चालतात, काही पहिल्यांदा देताना व्हिडिओवर पेशंट बघावा लागतो, काही फक्त जुन्या पेशंटला, आणि अंमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे फोनवर मिळत नाहीत. ‘प्रत्यक्ष या’ म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला आहे. तसे म्हटले तर तो टाळतोय असे समजू नये. सरकारची ‘ई-संजीवनी’ ओपीडी एप्रिल २०२० पासून मोफत आहे. तिच्यावर सल्ला घेण्याआधी चालू गोळ्यांच्या स्ट्रिप, शेवटची साखर आणि बीपीचा आकडा समोर ठेवा, निम्मा वेळ वाचतो. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, श्वास लागला, तर मात्र कुठलेही अ‍ॅप उघडू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा.

सर्वात मोठा गोंधळ ‘आभा’चा. चौदा आकडी आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड एकच, असे समजून लोक रुग्णालयात ‘आभा आहे, बिल माफ करा’ म्हणतात. आभा हा विमा नाही. ती आपल्या आरोग्याच्या कागदपत्रांची ओळख आहे. उपचाराचा खर्च उचलणाऱ्या योजना निराळ्या: केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली होती. आभा काढणे ऐच्छिक आहे, नसल्यास उपचार नाकारता येत नाहीत. ‘आभा काढला की सगळे रिपोर्ट दिल्लीत जमा’ हेही खरे नाही: कागद ज्या रुग्णालयाचे, त्याच्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला दाखवायला आपली परवानगी लागते. मात्र परवानगीचे बटण कोण दाबतो, हा प्रश्न पुन्हा फोन कोणाच्या खिशात आहे तिथेच येतो. क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग वाचवायची सोय काही ओपीडींत आहे. ती घेताना खिडकी बंद होता कामा नये, असे माझे मत आहे.

भीती मात्र सगळी खोटी नाही. इंटरनेटवर शोधलेल्या दवाखान्याच्या नंबरावर फोन लावायचा, पलीकडचा अपॉइंटमेंटसाठी पाच-दहा रुपये भरायची लिंक पाठवतो आणि खाते रिकामे होते, असे प्रकार घडले आहेत. नंबर जुन्या केसपेपरवरून घ्यावा, आणि फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर कळवावे.

फोन दवाखान्यापेक्षा सरस ठरतो अशीही एक जागा आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात त्या गावठाणात मानसोपचाराच्या ओपीडीत जाताना चार जण बघतात. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. फक्त एका खोलीत पाच माणसे झोपत असतील, तर बोलायला गच्ची गाठावी लागते.