उत्साहाकडून शोकाकडे : कर्णाच्या निमित्ताने वीरकल्पनेचा विचार

वीरकल्पना युगागणिक बदलते, हे विधान वारंवार वापरून गुळगुळीत झाले आहे. नेमके काय बदलते, कशाच्या जागी काय येते आणि या अदलाबदलीत काय हरवते, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. ‘प्राचीन वीर अतिमानवी, आधुनिक वीर सामान्य माणूस’ अशी एक सोयीची विभागणी करून आपण पुढे जातो. महाभारताला तरी ती लागू पडत नाही; तेथील वीर हरतात, रणातून पळतात, रडतात आणि स्वतःच्या कृत्यांची लाजही बाळगतात. म्हणून एकच व्यक्तिरेखा धरून हा प्रश्न तपासणे अधिक फलदायी ठरेल. मराठीपुरते बोलायचे तर अशी व्यक्तिरेखा कर्णाचीच. वि. वा. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ हे नाटक (१९५३), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या तीन कृतींनी वीस वर्षांच्या अवधीत कर्णाला मराठी मनाचा नायक केले. विजयी अर्जुनाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

संस्कृत साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायीभाव ‘उत्साह’ मानला आणि वीर हा उत्तमप्रकृतीचा मानला. भरताच्या नाट्यशास्त्रात दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे तीन प्रकार येतात. पुढे विश्वनाथाने त्यांत दयावीराची भर घातली. या वर्गीकरणाचे एक वैशिष्ट्य आपल्या अध्यापनात दुर्लक्षित राहते. चारही प्रकार कृतीवरून पाडलेले आहेत. वीर काय देतो, काय पाळतो, कोणाशी लढतो, कोणासाठी कळवळून पुढे होतो, यावर त्याचे वीरत्व ठरते. तो किती सोसतो, याला येथे जागा नाही. सोसण्याची नोंद करुणरसात होते आणि त्याचा स्थायीभाव ‘शोक’ आहे. दोन्ही रस एका कृतीत नांदू शकतात. पण एक दुसऱ्याचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. माझ्या मते आधुनिक काळात घडलेला बदल नेमका येथे आहे. शोक हाच वीरत्वाचा पुरावा झाला.

महाभारतातील कर्ण या जुन्या मोजमापाने कसा दिसतो, हे पाहण्यासाठी वनपर्वातील कुंडलाहरणाचा प्रसंग सर्वांत उपयोगी आहे. इंद्र ब्राह्मणवेषात येऊन कवचकुंडले मागणार, हे सूर्य कर्णाला आधीच सांगतो आणि ती देऊ नकोस असे बजावतो. कर्णाचे उत्तर सरळ आहे : प्राण गेले तरी चालतील, कीर्ती जाता कामा नये. यावर सूर्य जो युक्तिवाद करतो तो आजच्या वाचकालाही चकित करील. कीर्तीचा उपयोग जिवंत माणसाला. जो राख झाला त्याला ती कळतही नाही, प्रेताच्या गळ्यातील माळेसारखी ती असते, असे तो म्हणतो. म्हणजे वीरमूल्याची चिकित्सा आधुनिकांनी प्रथम केली, ही समजूत बरोबर नाही. ती महाकाव्याच्या पोटातच आहे. कर्ण हा युक्तिवाद ऐकून घेतो, पण मानत नाही. मग सूर्य व्यवहाराचा सल्ला देतो आणि कर्ण कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतो. व्यासांना या देवघेवीत काही खटकत नाही. दान हे दान आहे आणि शस्त्र हे शस्त्र.

पुढच्यांना मात्र ते खटकले. भासाच्या नावावर असलेल्या ‘कर्णभार’ या एकांकी नाटकात हा प्रसंग वनातून उचलून थेट युद्धाच्या दिवशी आणला आहे. कर्ण शल्यासह रणाकडे निघाला असताना इंद्र येतो आणि कर्ण काहीही न मागता कवचकुंडले देऊन टाकतो. नंतर पश्चात्ताप झालेला इंद्र दूताकरवी ‘विमला’ नावाची शक्ती पाठवतो, तेव्हा दिलेल्याचा मोबदला घेणे कर्ण आधी नाकारतो आणि ब्राह्मणाचे वचन म्हणूनच ती स्वीकारतो. दानवीराचे दान निष्कलंक करण्याची ही प्रक्रिया पुढे चालूच राहिली. मरणोन्मुख कर्णाने सोन्याचे दात पाडून दिल्याची कथा त्याच ओघातली. ती लोकपरंपरेतली आहे, मूळ संहितेतली नव्हे. तेव्हा कर्णाचे उदात्तीकरण हा केवळ विसाव्या शतकाचा उद्योग नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. फरक इतकाच की, भासाने कर्णाची कृती उजळ केली. आधुनिकांनी कृतीपेक्षा तिच्यामागचे मन पुढे आणले.

कीर्तीला साक्षीदार लागतो. रंगभूमी, द्यूतसभा आणि कुरुक्षेत्र या कर्णाच्या आयुष्यातील तिन्ही निर्णायक जागा चव्हाट्याच्या आहेत. तेथे जे घडते ते सर्वांदेखत घडते आणि सांगितले जाते म्हणून टिकते. सांगणारे कोण? नैमिषारण्यात कथा सांगणारा उग्रश्रवा हा सूत आहे. धृतराष्ट्राला युद्ध ऐकवणारा संजयही सूतच आहे. ज्या कुलाचा म्हणून कर्णाला हिणवले जाते, त्याच कुलाच्या मुखात वीरांची कीर्ती आहे. या विसंगतीकडे आपल्या कर्णकादंबरीकारांचे लक्ष गेले असते तर काय लिहिले गेले असते, असे राहून राहून वाटते.

कादंबरी या वाङ्मयप्रकाराला साक्षीदारांची सभा लागत नाही. तिला वाचकाचा एकांत लागतो. ‘मृत्युंजय’ची रचना येथे विचारात घ्यावी. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण अशा सहा पात्रांची आत्मनिवेदने तिच्यात आहेत. कर्णाचे आयुष्य आपण प्रथम त्याच्याच तोंडून ऐकतो. रंगभूमीवर कृपाचार्यांनी कुल विचारले, ही महाभारतात एक घटना आहे. कादंबरीत ती एक जखम आहे आणि पुढील सर्व घटना त्या जखमेच्या खुणेने वाचल्या जातात. आत्मनिवेदनाचा हा परिणाम अटळच होय. ज्याचे मन आपल्यापुढे उघडे असते, त्याचा न्याय आपण बाहेरून करीत नाही. सावंतांच्या कादंबरीची भाषिक श्रीमंती आणि तिने तीन पिढ्यांच्या वाचकांना लावलेला लळा यांविषयी मला आदरच आहे. प्रश्न रचनेचा आहे.

द्रौपदीस्वयंवराचे उदाहरण घेऊ. सूतपुत्राला वरणार नाही, असे द्रौपदीने भर मंडपात म्हटले आणि कर्णाने हसत धनुष्य खाली ठेवले, हा प्रसंग मराठी वाचकाच्या मनात इतका पक्का आहे की त्यावर शंका घेणे विचित्र वाटावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या चिकित्सित आवृत्तीत मात्र द्रौपदीचे ते वाक्य मुख्य संहितेत नाही. काही हस्तलिखितांतील भर म्हणून ते तळटीपेत गेले आहे. उलट मुख्य संहितेत, कर्ण-शल्यासारख्यांनाही जे धनुष्य वाकले नाही ते हा ब्राह्मण कसे वाकवणार, असे जमलेले ब्राह्मण म्हणतात. म्हणजे संहितेच्या जुन्या थरात कर्ण तेथे अपमानित झालेला नाही, असफल झालेला आहे. चिकित्सित आवृत्ती पूर्ण झाल्यानंतर एका वर्षाने ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. कादंबरीकाराने संशोधकाच्या संहितेला बांधील राहावे, असे कोणी म्हणणार नाही. पण आधुनिक वीराला अपयशापेक्षा अपमान अधिक उपयोगी पडतो, ही गोष्ट येथे उघड होते. अपयश हे स्वतःचे असते. अपमान दुसऱ्याने केलेला असतो.

आणि त्या अपमानाची गरज कोठे भासते? सभापर्वात. विकर्ण द्रौपदीच्या बाजूने बोलतो तेव्हा त्याला गप्प करणारा कर्ण आहे. अनेक पतींची म्हणून तिला कुलटा ठरवणारा आणि पांडवांची व तिची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. हे शब्द कोणत्याही प्रक्षेपाच्या आधाराने बाजूला सारता येत नाहीत. महाभारत त्यांना कधी विसरतही नाही. कर्णपर्वात रथाचे चाक रुतल्यावर कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण देतो, तेव्हा कृष्ण त्याला हीच सभा विचारतो. आधुनिक कृतींत हे शब्द येतात, पण ते दुखावलेल्या मनाची प्रतिक्रिया होऊन येतात. स्वयंवरातील वाक्य हे कारण आणि सभेतील शब्द हा परिणाम, अशी साखळी तयार होते. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत याचे टोक पाहावयास मिळते. कर्णाच्या शोकांतिकेवर दहा-दहा पाने लिहिली जातात आणि सभेत जिची वस्त्रे ओढली गेली तिचा उल्लेख कर्णाला दुखावणारी स्त्री म्हणून होतो. नायकाच्या वेदनेला मूल्य मानण्याची ही किंमत आहे आणि ती नेहमी दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

अर्थात या वीरकल्पनेमागे खरी सामाजिक जाणीव होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. ज्यांच्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशी मुले त्या दशकांत पदवीधर होऊ लागली. गुण असूनही कुल विचारले जाते, हा त्यांचा रोजचा अनुभव. स्वतः सावंत आजऱ्याचे. हिंदीतही दिनकरांचे ‘रश्मिरथी’ हे काव्य १९५२ सालचे, म्हणजे राज्यघटना अमलात आल्यानंतर लगेचचे. जन्मावरून माणूस मोजू नये, या मागणीला कर्णाच्या रूपाने एक भारदस्त चेहरा मिळाला. ती मागणी हलकी लेखण्याचे कारण नाही.

तरीही एक अडचण उरते. कर्ण सूत नव्हता. त्याच्यावर झालेला अन्याय हा क्षत्रियाला सूत समजण्याचा अन्याय आहे, आणि कथेच्या शेवटी त्याचे खरे कुल उघड होते तेव्हा वाचकाला समाधान वाटते ते कशाचे? खऱ्याखुऱ्या सूतपुत्राने रंगभूमीवर धनुष्य उचलले असते तर त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो. दलित साहित्याच्या चळवळीने आपल्या प्रतीकांत एकलव्य आणि शंबूक यांना पुढे आणले, यात मला एक अचूक विवेक दिसतो. एकलव्याच्या पाठीशी सूर्य नाही, इंद्राची शक्ती नाही, राजकुलातील हरवलेली आईही नाही.

विशेष म्हणजे या बाबतीत महाभारतातील कर्ण त्याच्या आधुनिक अवतारांहून पुढे गेलेला आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण काय म्हणतो? अधिरथाने मला घरी नेले आणि माझ्या मायेने राधेला पान्हा फुटला. तिने माझे मलमूत्र काढले. अधिरथाने माझे जातकर्म केले, वसुषेण हे नाव ठेवविले, सूतकुलातील स्त्रिया मला विवाहून दिल्या. आज पृथ्वीच्या राज्यासाठी हे बंध मी तोडू शकत नाही. जन्माचे सत्य कळल्यावरही तो सूत राहणे निवडतो. आपल्या पक्षाचा पराभव होणार हेही त्याला दिसते आहे. अपशकुन आणि पांडवांच्या विजयाचे स्वप्न तो स्वतःच कृष्णाला सांगतो. त्याच संवादात, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण जे कठोर बोललो त्याचा ताप होतो, असेही तो म्हणतो. कारण सांगत नाही, सूतपुत्र म्हणून हिणवले गेल्याचा दाखला देत नाही. जुन्या अर्थाने उत्साह म्हणावा तो हाच : फळाची आशा संपल्यावरही निवडलेल्या कृतीशी बांधील राहणे. देसाईंनी ‘राधेय’ हे नाव निवडले त्यात या निवडीची खूण आहे. ‘कौंतेय’ या नावात मात्र हुकलेल्या कुलाची हळहळ आहे.

‘मृत्युंजय’च्याच वर्षी, १९६७ साली, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले. इरावतीबाईंनी कर्णाला सहानुभूती नाकारली नाही; परंतु ‘मी कोण’ या प्रश्नाने पछाडलेला माणूस काय काय करून बसतो, याचा हिशेबही सोडला नाही. दोन्ही पुस्तके वाचकांनी उचलून धरली; पण कर्ण म्हटला की मनात उभा राहतो तो कादंबरीतला, निबंधातला नव्हे. दोन्ही पुस्तके एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवून शिकवली तर विद्यार्थ्याला बदललेल्या वीरकल्पनेविषयी स्वतंत्र प्रकरण लिहून देण्याची गरज उरणार नाही.

शोक महाभारतालाही ठाऊक आहे. पण तो कर्णाच्या तोंडी ठेवलेला नाही. युद्ध संपल्यावर, जलांजली देतेवेळी, कुंती सत्य सांगते आणि शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर नारदापाशी मन मोकळे करतो. तो म्हणतो, द्यूतसभेत कर्णाचे कठोर शब्द ऐकून मला संताप आला होता, पण त्याच्या पायांकडे दृष्टी गेली आणि तो निवला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते, आणि हे साम्य का, ते मला तेव्हा उमगले नाही. ते शब्द आणि ते पाय, दोन्ही त्याला एकाच वेळी आठवतात. एकाने दुसरे पुसले जात नाही.