मतपेटी आणि मंडळीची साक्ष

५ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेची, म्हणजे राइशटागची, निवडणूक झाली. सहा दिवसांपूर्वी संसदभवनास लागलेल्या आगीचे निमित्त करून नागरी हक्क स्थगित करण्यात आले होते. तरीही हिटलरच्या पक्षास ४३.९ टक्केच मते व ६४७ पैकी २८८ जागा मिळाल्या. स्वबळावर बहुमत नव्हते.

मग सत्ता निरंकुश झाली कशी? २३ मार्चच्या अधिकारदान कायद्यास दोन-तृतीयांश मते हवी होती. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नाही. कॅथलिक सेंटर पक्षाचे पुढारी लुडविग कास हे स्वतः धर्मगुरू. चर्चच्या हक्कांविषयीच्या आश्वासनांवर विसंबून त्या पक्षाने पाठिंबा दिला. विरोधात पडली ती सोशल डेमोक्रॅटांची ९४ मते. जुलैत सेंटर पक्षच विसर्जित झाला.

प्रॉटेस्टंटांपैकी काहींनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे ख्रिस्ताचे एकमेव प्रभुत्व धैर्याने जाहीर केले. परंतु यहुद्यांच्या छळाविषयी तो जाहीरनामाही मौन राहिला.

आम्हांस वाटते, मंडळी केवळ आपलेच हक्क राखू पाहते तेव्हा शेजारी उघडा पडतो आणि अखेरीस ते हक्कही उरत नाहीत. निवडणुकीच्या काळात पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हे लोकांपुढे ठेवावे.