बारावीनंतर, बंदरातून – भाग ७ : जे. जे. की भानुबेन नानावटी?

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नोंदणी क्रमांकात कॉलेजचे नाव नसते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ही नोंदणी झाल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मान्यताप्राप्त कॉलेजातून पाच वर्षांची बी.आर्क. केलेल्या प्रत्येकाला ती सारखीच मिळते. मागच्या भागात नाटा ही वास्तुकलेची प्रवेशपरीक्षा पाहिली. आता समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका मुलीला मुंबईचे सर जे. जे. आणि पुण्याचे भानुबेन नानावटी ही दोन्ही वास्तुकला महाविद्यालये आवाक्यात दिसताहेत. दोन्हींची पदवी नोंदणीला चालते, मग निवड कशावरून करायची?

घरात पहिला विषय निघतो फीचा. जे. जे. सरकारी, नानावटी खासगी संस्थेचे, त्यामुळे फरक मोठा वाटतो. पण जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजेही त्यात येतात. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेला चालत नाही. उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला आधीच काढून ठेवा. २०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून तिथली प्रवेशपद्धत त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावी. फी माफ झाली तरी शीट, मॉडेलचे साहित्य, प्रिंट, लॅपटॉप आणि अभ्याससहली यांचा खर्च राहतोच. तो पाचही वर्षे चालू राहतो, आणि पहिल्या वर्षी त्याची कल्पना कुणीच देत नाही.

दुसरा विषय अंतराचा. मांडवी एक्सप्रेस थेट सीएसएमटीला जाते आणि तिथून जे. जे. चालत गाठता येते. डोंगरीला किंवा मुंब्र्याला मामू नाहीतर खाला असतात, हा आपल्याकडच्या अनेक घरांचा मोठा आधार. पुण्याला घाट ओलांडून एसटीने जायचे, आणि तिथे बहुधा कुणी नातलग नसते. मग घरचे म्हणतात, ‘पण ते मुलींचे कॉलेज आहे ना, मग तिथेच बरे.’ ही काळजी खरी आहे, तिला कमी लेखू नये. नानावटी १९९४ साली सुरू झाले ते महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत. कर्वे आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे, आणि १८९६ पासून या संस्थेने मुलींना घराबाहेर शिकायला बळ दिले. पण निव्वळ तेवढ्यासाठी पुणे निवडू नका, असे मला मनापासून सांगायचे आहे. काम सुरू झाले की हीच मुलगी साइटवर गवंडी, ठेकेदार आणि प्लंबर यांच्यात उभी राहणार आहे. पेरीन मिस्त्री १९३६ मध्ये जे. जे.तून वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा या क्षेत्रात बायका जवळजवळ नव्हत्याच.

खरा फरक सापडतो तो स्टुडिओत. या शिक्षणात व्याख्याने कमी आणि टेबल जास्त असते. मुलगी ट्रेसिंगवर काहीतरी आखते, शिक्षक शेजारी बसून त्यावरच रेघा मारतात, ती पुन्हा आखते. सत्राअखेर ज्युरी असते आणि बाहेरून आलेले आर्किटेक्टही काम तपासतात. रोज कोण शेजारी बसते आणि काय विचारते, यावर पाच वर्षांत डोळा घडतो. जे. जे.त वास्तुकलेचा विभाग १९१३ चा. क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ तिथे प्रमुख होते आणि विद्यार्थ्यांकडून जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन चित्रे करवून घेत. आधी आहे ते नीट मोजा, मग नवे आखा, ही ती शिस्त. आजही ती टिकली आहे का, हे त्यांच्या शीट पाहूनच कळेल.

त्याच जे. जे.त अच्युत कानविंदे शिकले. १९१६ साली ते आचऱ्यात जन्मले, तेव्हा ते गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते. पुढे त्यांनी हार्वर्डला ग्रोपियसकडे शिक्षण घेतले, कानपूर आयआयटीचा परिसर घडवला आणि मेहसाण्याची दूधसागर डेअरी बांधली. डेअरीतली उष्ण हवा बाहेर कशी काढायची, या प्रश्नातून त्या इमारतीवरचे उंच धुराड्यांसारखे मनोरे आले. तिचा आकार आतल्या कामाने ठरवला. मिरकरवाडा जेटीलाही असाच आर्किटेक्ट हवा आहे. मासळी उतरते, लिलाव होतो, बर्फ लागतो, गाड्या भरतात, वरून कोकणचा पाऊस कोसळतो, आणि बायका टोपल्या घेऊन बसतात त्या जागेवर सावलीही धड नसते. जानेवारी २०२५ मध्ये बंदराच्या जागेतली अतिक्रमणे हटवली गेली. पण जाळी कुठे सुकवायची, कुठे दुरुस्त करायची, सामान कुठे ठेवायचे, हे प्रश्न पाडकामाने सुटत नाहीत. ते कुणीतरी आखूनच सोडवावे लागतील, आणि ज्याने जेटीवर बालपण काढले त्याला ते जास्त नीट दिसतील.

म्हणून दोन्ही कॉलेजांत तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एकच विचारा: गेल्या सत्रात डिझाइनला साइट कोणती होती? उत्तर मॉल किंवा बंगला असे आले, तर पुढे विचारा की कुठे गेलात, कुणाशी बोललात, काय मोजलेत. एखादे खेडे, बाजार, धक्का किंवा चाळ असेल आणि मुले त्याबद्दल भरभरून बोलत असतील, तर त्या कॉलेजाचे पारडे जड. होडी विकत घेताना आपण रंग बघत नाही, तळाच्या फळ्या ठोकून बघतो. पूर्णवेळ शिक्षक किती, हेही विचारा. कौन्सिलच्या नियमाने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या सत्रात मुले कुठे जातात, आणि किती जणांना पाचऐवजी सहा-सात वर्षे लागतात, हेही. शेवटच्या प्रश्नाला कॉलेज टाळाटाळ करते, मुले करत नाहीत.

माझा कल विचाराल तर, स्वतःचे वेळापत्रक स्वतः पाळणाऱ्या मुलीने जे. जे. आधी लिहावे. मुंबईची गोदी, ससून डॉक आणि गिरणगाव तिला उंबऱ्याशीच मिळतात. ज्या मुलीला रोज कुणी हाताला धरून पुढे न्यावे लागते, तिच्यासाठी मी नानावटीकडे झुकेन, पण तिथले शिक्षक खरोखर टेबलाशी बसतात हे पाहिल्यावरच.

पाहायला जायची वेळही महत्त्वाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि अब्बांना सवड मिळते, पण जूनच्या सुरुवातीला स्टुडिओ बहुधा रिकामे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. तेव्हा बोट सोडून येणे अब्बांना जमत नसेल तर अम्मी जाईल, मामू जातील. शक्य झाल्यास ज्युरीचा दिवस गाठा. पुढच्या भागात वसतिगृह आणि पहिल्या सत्राच्या साहित्याची यादी.