काल्पनिक देहाचे वजन

अद्भुतरम्य आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका वठविण्याच्या, खेळांत कथानकाला प्रत्यक्ष आरंभ होण्यापूर्वी पात्ररचनेचा जो पडदा खेळाडूसमोर येतो, त्यावर नाक, भुवया आणि केशकलाप यांच्या जोडीला उंची व बांधा ठरविण्याच्या सरकपट्ट्याही मांडलेल्या असतात. नाकाच्या ठेवणीने युद्धाचा निकाल बदलत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु दारात वाकून शिरावे लागणारा धिप्पाड योद्धा आणि त्याच्या कमरेलाही न पोहोचणारा चोर यांच्यातील तफावत खेळाच्या हिशेबात कोठे जमेस धरली आहे, की ती निव्वळ नेत्रसुखासाठी ठेवली आहे, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे फार महत्त्वाचा वाटत आला आहे. ज्या खेळात देहाच्या आकाराचे काही परिणाम भोगावे लागतात, त्या खेळातील जगाला घनता येते, आणि ज्यात ते भोगावे लागत नाहीत, तेथे कितीही सुंदर डोंगरदऱ्या रंगविल्या तरी त्यांतून हिंडणारे पात्र मला अशरीरी भासते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विषयाचे मूळ संगणकात नसून टेबलाभोवती कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हा टोल्किनच्या कादंबऱ्यांतील ठेंगणे हॉबिट त्यात नावानिशी दाखल झाले होते; पुढे टोल्किनच्या कृतींचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेतल्यामुळे त्यांचे ‘हाफलिंग’ झाले आणि त्याच नावाने ते आजतागायत नांदत आहेत. या ठेंगण्या मंडळींचे काय करावयाचे, याची सर्वांत रेखीव तजवीज २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने केली. लहान आकाराच्या पात्राला नेम धरण्यात एक गुण अधिक, शत्रूचा वार चुकविण्यात एक गुण अधिक, लपण्याच्या प्रयत्नात चार गुण अधिक. उलटपक्षी त्याचा वेग मनुष्याच्या तीस फुटांऐवजी वीस फूट, ओझे वाहण्याची क्षमता पाऊणपट, आणि हाती येणारी शस्त्रेही त्याच मानाने कमी घातक. ज्या अंगाने सवलत दिली त्याच अंगाशी संबंधित किंमत वसूल करावयाची, हा यातील दस्तूर मला अत्यंत न्याय्य वाटतो, कारण जो सहज लपतो तोच पाठलागात मागे पडतो, आणि खेळाडूला आपल्या निवडीचे दोन्ही परिणाम एकाच प्रसंगात अनुभवावयास मिळतात.

कागदावर आकार हा एक आकडा असतो. संगणकात मात्र तो भूमिती होतो, आणि भूमितीला मुलाहिजा ठाऊक नसतो. पडद्यावर दिसणाऱ्या पात्राभोवती एक अदृश्य आवरण असते, बहुधा दोन्ही टोकांना गोलाई असलेल्या उभ्या नळकांड्याच्या आकाराचे, आणि भिंतीला आपण अडतो किंवा नाही हे ते आवरण ठरवीत असते. शत्रूचा वार लागला की चुकला याचा निवाडा करण्यासाठी अशाच अदृश्य आकृत्या योजलेल्या असतात. खेळाडूंच्या बोलीत त्यांना हिटबॉक्स म्हणतात. पात्र मोठे केले आणि त्याबरोबर हे आवरणही मोठे झाले, की आजवर बिनबोभाट ओलांडलेली प्रत्येक चौकट, प्रत्येक बोगदा व प्रत्येक जिना नव्याने प्रश्न उपस्थित करू लागतो.

या गोष्टीचा पुरेपूर प्रत्यय १९९९ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात आला. हजारो लोक एकाच वेळी ज्यात वावरत असत, अशा त्या विस्तीर्ण जगात ओगर नावाची एक महाकाय जमात होती. समोरून कितीही प्रबळ आघात झाला तरी ओगर सुन्न होत नसे, आणि ढाल हाती नसतानाही तो नुसत्या अंगाच्या धडकेने शत्रूच्या मंत्रपठणात व्यत्यय आणू शके. त्यामुळे आघाडीला उभे राहून साऱ्या तुकडीवरील मार स्वतःवर घेण्याच्या कामी, ज्याला खेळाडू टँक म्हणतात त्या भूमिकेत, ओगरला फार मागणी असे. परंतु हाच ओगर तळघराच्या अरुंद दारात अडकून पडे. पुढचे लोक आत गेलेले, मागचे खोळंबलेले आणि मध्ये हा अवाढव्य देह चौकटीत रुतलेला, असा प्रसंग ओढवला की शामान या वर्गातील मांत्रिकाला हाक घातली जाई, कारण देह आकुंचित करणारा ‘श्रिंक’ हा मंत्र त्याच्यापाशी असे. मंत्र पडताच ओगर पाहता पाहता लहान होई आणि दारातून आत जाई. त्याचे बळ तेच राही, सुन्न न होण्याचा गुणही तोच राही, केवळ जागा व्यापण्याचे प्रमाण बदले. आपल्याकडे अष्टसिद्धींत अणिमा सांगितली आहे तिचेच हे एक व्यवहारोपयोगी रूप म्हणावयास हरकत नाही.

या मंत्राने शत्रूच्या केसालाही धक्का लागत नव्हता, तरीही त्याने माणसामाणसांत जो व्यवहार निर्माण केला, तो मोठमोठ्या संहारक मंत्रांनाही साधला नाही. मोहिमेवर निघण्यापूर्वी थोराड मंडळींनी शामानपुढे उभे राहून लहान करून घ्यावे, वाटेत भेटलेल्या परक्या शामाननेही विनंतीला मान देऊन एक मंत्र टाकून पुढे जावे, असा शिष्टाचार त्या जगात रूढ झाला. चिलखतांचीही गोष्ट तशीच होती. लोहार आणि शिंपी यांना लहान, मध्यम व मोठ्या मापांचे साचे वेगवेगळे वापरावे लागत, आणि नोम किंवा हाफलिंग या ठेंगण्या जमातींसाठी घडविलेले चिलखत थोराड ट्रोलच्या कामी येत नसे; अर्थात आपल्या गिऱ्हाइकांत कोणत्या जमातीचा भरणा आहे, याचा अंदाज बाळगूनच कारागिराला माल तयार करावा लागे. देहाच्या मापाने बाजारपेठेपर्यंत आपला अंमल बसविल्याचे इतके उत्तम उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही.

२००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने या साऱ्या अडचणी पुष्कळशा गुळगुळीत करून टाकल्या. त्यातील टॉरेन या वृषभमुखी जमातीला घोड्यासारखे वाहन न देता स्वतःच्याच पायांनी वेगाने दौडण्याचे सामर्थ्य द्यावे, अशी कल्पना चाचणीच्या काळात होती. ती मागे पडली आणि त्यांना कोडो नावाचे अजस्र पशू बसावयास मिळाले. तरीही टॉरेनच्या विशाल देहामुळे त्याचा वार इतरांहून अधिक अंतरावरून पोहोचे, आणि त्याच कारणाने शत्रूलाही तो दुरून गाठता येई. खेळाडूंच्या आपसांतील लढाईच्या गर्दीत नोमवर माऊसचा बाण टेकविणे मोठे जिकिरीचे होऊन बसे. तो लाभ नियमांच्या कोणत्याही पुस्तकात नोंदलेला नव्हता, पण अनुभवी खेळाडू तो ओळखून होते.

‘स्कायरिम’ या २०११ च्या अतिशय लोकप्रिय खेळाची तऱ्हा निराळी आहे. पात्ररचनेच्या वेळी त्यात बांध्याची एक सरकपट्टी मिळते, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली तर कृश देह पीळदार होतो. एवढे झाले तरी त्या पात्राच्या बळात, वेगात वा ओझे वाहण्याच्या क्षमतेत तिळमात्र फरक पडत नाही. जमातीनुसार ठरणारी उंची मात्र आतून काम करीत असते. अल्टमर म्हणजे उंच एल्फ यांचे प्रमाण १.०८, नॉर्ड लोकांचे १.०३ आणि ब्रेटन स्त्रियांचे ०.९५ असे आकडे खेळाच्या अंतरंगात नोंदलेले आहेत, आणि उंच पात्र त्या मानाने किंचित वेगाने धावते व त्याच्या तलवारीचा पल्लाही किंचित लांब पडतो. ही गोष्ट खेळ आपल्या तोंडाने कोठेच सांगत नाही. जी सरकपट्टी खेळाडूच्या हाती दिली ती निष्फळ, आणि जी गोष्ट फलदायी ती दृष्टीआड, अशी ही उलटी व्यवस्था मला खटकते. एखाद्या निवडीला फळ असेल तर निवड करणाऱ्याला त्याची पूर्वसूचना मिळाली पाहिजे.

हा दोष ज्याने मोठ्या प्रमाणात दूर केला आणि देहाच्या मापाला सर्वांत प्रामाणिक वागणूक दिली, तो खेळ म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीने २०१२ साली हिदेआकी इत्सुनो यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेला ‘ड्रॅगन्स डॉग्मा’. यात खेळाडू स्वतःचे पात्र घडवितो आणि त्याच्यासोबत कायम राहणारा ‘पॉन’ नावाचा एक सेवकही घडवितो. या दोघांच्याही उंचीचे व वजनाचे परिणाम पावलोपावली जाणवतात. वजनाचे पाच वर्ग केलेले आहेत. पन्नास किलोंच्या आतील पात्र सर्वांत खालच्या वर्गात पडते, आणि चाळीस किलोंपर्यंत ओझे नेऊ शकते; सत्तर ते नव्वद किलोंच्या दरम्यानच्या मध्यम पात्राला पासष्ट किलोंची मुभा असते; एकशे दहा किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या पात्राला पुरे शंभर किलो वाहता येतात. याची परतफेड दमाच्या रूपाने करावी लागते. धावणे, विशेष डावपेच लढविणे, राक्षसाच्या अंगावर चढून त्याच्या केसांना लोंबकळणे, या सर्वांत दम खर्ची पडतो, आणि तो संपला की पात्र जागच्या जागी धापा टाकीत असहाय उभे राहते. हलके पात्र हा दम झपाट्याने भरून काढते, जड पात्राला मात्र तेवढ्यासाठी पुष्कळ वेळ थांबावे लागते.

ओझ्याचा हा हिशेब केवळ कमाल मर्यादेपुरता नसतो, ही यातील खरी मेख आहे. आपल्या क्षमतेच्या कितव्या हिश्शापर्यंत आपण भार घेतला आहे, यावरून अतिहलका, हलका, मध्यम, जड, अतिजड अशा पायऱ्या ठरतात, आणि प्रत्येक पायरीगणिक चाल मंदावते व दम अधिक वेगाने सरतो. म्हणून चाळीस किलोंची मर्यादा असलेल्या चिमुकल्या जादूगारणीने वाटेतील वनस्पती, खनिजे आणि मारलेल्या पशूंची हाडे लोभाने गोळा करीत जावे आणि पुढच्या वळणावर सायक्लॉप्स हा एकाक्ष राक्षस उभा राहावा, म्हणजे तिच्या लघुत्वाचा सारा लाभ पाठीवरील पोतडीने गिळलेला असतो. अशा वेळी खेळ थांबवून एकेक वस्तू थोराड पॉनच्या हवाली करीत बसावे लागते. कित्येक खेळाडू तर लढाईत त्याचा उपयोग काय, हा विचार बाजूला ठेवून केवळ हमाली करण्यासाठी एक अगडबंब पॉन पदरी बाळगतात.

उंचीचेही असेच आहे. लांब पायांचे पात्र लांब टांगा टाकते आणि लांब हातांनी चालविलेली तलवार दूरवर पोहोचते. या जगातील खोल पाण्यात ‘ब्राइन’ नावाची एक तांबूस जीवघेणी शक्ती वसत असून, पाणी अंगावर चढताच ती पात्राला ओढून नेते. त्यामुळे ज्या ओढ्यातून उंच माणूस सुखरूप पार होतो, तेथेच बुटक्याचा घात होऊ शकतो. काही खिंडींतून सुटणारे वाऱ्याचे झोत हलक्या पात्रांना मागे रेटतात आणि जड पात्रे ते अंगावर झेलून पुढे जातात. याच्या मोबदल्यात काही ठिकाणची ठेंगणी भोके अशी आहेत, की अगदी बुटक्या पात्रालाच त्यांतून पलीकडे जाता यावे. निसर्गाचे सगळे घटक अशा रीतीने देहाची दखल घेऊ लागले, म्हणजे रस्त्याने जाण्यासारख्या साध्या कृतीतही विचार करावा लागतो, आणि तो विचार करण्यातच या खेळाची गोडी आहे.

इतरांनी देहाऐवजी अन्य गोष्टींचे वजन केले. ‘डार्क सोल्स’मध्ये पात्र कृश घडवा की लठ्ठ, फरक पडत नाही; मात्र चिलखताचा व शस्त्रांचा भार क्षमतेच्या पंचवीस टक्क्यांच्या आत असेल तर चपळाईने लोळण घेऊन वार चुकविता येतो, पन्नास टक्क्यांपलीकडे गेला तर तीच लोळण बोजड होते. ‘फेबल’च्या दुसऱ्या भागात, २००८ साली, कार्यकारणाची दिशाच फिरविली गेली: बळ वाढवीत गेल्यास नायक रुंद होत जातो, कौशल्य वाढविल्यास उंच होतो, आणि पाई हे पक्वान्न खात राहिल्यास लठ्ठ. तेथे देह ही कर्माची नोंदवही आहे. कल्पना मनोहर आहे, पण त्या देहाने खेळाडूपुढे नवीन पेच टाकलेला नाही.

अलीकडे वारा उलट दिशेने वाहत आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत लहान पात्राला अवजड शस्त्र वापरताना अडथळा होता आणि हाफलिंगचा वेग पंचवीस फुटांवर आणलेला होता. २०२४ च्या सुधारित नियमांत हाफलिंग मनुष्याइतकाच तीस फूट चालतो, आणि अवजड शस्त्राची अट आकाराशी न जोडता बळाशी जोडली आहे; तेरा गुणांचे बळ असलेला नोम आता प्रचंड परशू खुशाल चालवू शकतो. जन्मजात जमातीवरून कोणाची पात्रता ठरू नये, ही यामागील भावना आदरणीय आहे, आणि ठेंगणे पात्र आवडते म्हणून खेळाडूला शिक्षा का व्हावी, या प्रश्नाला माझ्यापाशी सहज उत्तर नाही. शिवाय निर्मात्यांच्या अडचणीही खऱ्या असतात. दोन भिन्न उंचीच्या पात्रांचे आलिंगन दाखवायचे म्हटले तरी हालचाली निराळ्या रेखाटाव्या लागतात, प्रत्येक चिलखत प्रत्येक बांध्यावर बसवून पाहावे लागते, आणि प्रत्येक दार सर्वांत मोठ्या देहाच्या मापाने बांधावे लागते.

तथापि सरसकट समान वागणूक हा एकच मार्ग नाही, हे २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ने दाखविले आहे. त्यात हाफलिंग, नोम व ड्वार्फ एका पाळीत साडेसात मीटर चालतात आणि मनुष्य नऊ मीटर. एवढ्यावर न थांबता लॅरियन या निर्मात्या संस्थेने वजनाला प्रत्यक्ष शस्त्राचे रूप दिले. पुरेसे बळ असलेला योद्धा जवळ आलेल्या गोब्लिनला उचलून दुसऱ्या शत्रूच्या अंगावर भिरकावू शकतो, आणि कड्याच्या काठावर उभ्या असलेल्याला धक्का मारताना समोरच्याचे वजन जमेस धरले जाते. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा’च्या दुसऱ्या भागानेही आपला जुना बाणा सोडलेला नाही. त्यात पात्राच्या वजनावर ओझ्याची मर्यादा ठरते, मुक्काम टाकण्यासाठी न्यावयाच्या तंबूच्या सामानाचेही वजन मोजले जाते, आणि ही मर्यादा वाढविण्यासाठी रानावनांत झाडांच्या बुंध्यांवर सापडणारे सोनेरी भुंगे शोधीत हिंडावे लागते. एका भुंग्याने क्षमता वाढते ०.१५ किलोने, म्हणजे हलक्या देहाच्या पात्राला आणखी दहा किलो उचलण्याची इच्छा असेल, तर त्याने सदुसष्ट भुंगे हुडकले पाहिजेत, आणि ते हुडकणारे खेळाडू पुष्कळ आहेत.