नकाशावरचा लाल रंग

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात लॅटिनो कुटुंबं एकवटली ती ‘आपल्या माणसांत राहायला आवडतं’ म्हणून, हे अर्धसत्य आहे. नात्यागोत्याची ओढ होतीच, पण इतरत्र दारं कायद्यानेच बंद होती. कित्येक खरेदीखतांत बिगरगोऱ्यांना घर विकू नये, अशी अट असे. १९४३ मध्ये मेक्सिकन वंशाच्या अ‍ॅलेक्स बर्नाल यांनी जवळच्या फुलर्टनमध्ये घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. खटला बर्नाल जिंकले. मात्र अशा अटी न्यायालयांनी राबवू नयेत, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं १९४८ मध्ये.

तोवर सरकारी नकाशांनी आपलं काम केलं होतं. १९३९च्या नकाशात याच पूर्व भागातली बॉईल हाइट्स ही वस्ती लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी ‘धोकादायक’. मेक्सिकन, ज्यू, जपानी शेजारी राहत होते, हाच वस्तीचा दोष! स्वस्त गृहकर्ज मिळालं ते गोऱ्या उपनगरांना. पुढे याच वस्तीची घरं पाडून द्रुतगती मार्ग नेले.

लॉस एंजेलिसमधल्याच शावेझ रवीन या लॅटिनो वस्तीची कहाणी तर संतापजनक आहे. १९५० मध्ये रहिवाशांना पत्रं गेली: घरं विका, इथे सार्वजनिक गृहसंकुल होईल, त्यात पहिला हक्क तुमचा. संकुल झालंच नाही. १९५९ मध्ये उरलेल्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. १९६२ मध्ये त्या परिसरात डॉजर्स संघाचं बेसबॉल स्टेडियम उघडलं.

घरविक्रीतल्या वांशिक भेदभावाला देशभर बंदी घालणारा कायदा १९६८ मध्ये आला. नुकसानभरपाईची तरतूद त्यात मागच्या पिढ्यांसाठी नव्हती.