‘आवडली, पण पटली नाही’ : लघु प्रणयकादंबरीविषयीच्या वाचकमताचा भाषिक विचार

१

आटोपशीर आकाराची, लेखनकाळाच्याच जगात घडणारी आणि नायक-नायिकेच्या मीलनाने संपणारी प्रणयकादंबरी हा जगातील मोठ्या खपाच्या वाङ्मयप्रकारांपैकी एक होय. या प्रकाराची दोन नावे सर्वपरिचित आहेत. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ साली लंडनमध्ये निघाली. आरंभी ती सर्व प्रकारची पुस्तके काढीत असे. १९३० नंतरच्या दशकात तिने प्रणयकादंबरीवर लक्ष केंद्रित केले. कॅनडातील विनिपेग येथे १९४९ साली स्थापन झालेल्या हार्लेक्विन संस्थेने १९५७ पासून मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या पुनर्मुद्रित करण्यास आरंभ केला, आणि १९७१ साली ती संस्थाच विकत घेतली. भारतात या कादंबऱ्या पूर्वीपासून भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वाचल्या जात होत्या. २००८ साली प्रकाशकांनी येथे आपली शाखाही उघडली.

असा प्रचंड वाचकवर्ग असूनही त्या वर्गाच्या मताला वाङ्मयाभ्यासात फारसे स्थान मिळालेले नाही. ‘साचेबंद’ हा एक शब्द उच्चारला की समीक्षकाचे काम संपते. साचेबंद पुस्तकाविषयी वाचकाला काही मत असू शकेल, ही शक्यताच त्याला जाणवत नाही. वस्तुतः एकाच साच्याची शंभर पुस्तके वाचलेल्या व्यक्तीला त्या साच्याचे ज्ञान समीक्षकापेक्षा अधिक असले पाहिजे. मातृभाषकाला आपल्या भाषेचे नियम सांगता येत नाहीत. परंतु चुकलेले वाक्य कानावर पडताच ‘असे आपण बोलत नाही’ हे तो निःशंकपणे सांगतो. व्याकरणकार त्याच्या या निवाड्यावरच आपली इमारत उभारतो. लघु प्रणयकादंबरीच्या नित्य वाचकाचे मत हे याच जातीचे प्रमाण आहे, आणि त्याची भाषा बारकाईने पाहिल्यास त्या वाङ्मयप्रकाराचे अलिखित व्याकरण हाती लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम त्या प्रकाराची घडण पाहू. पामेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रणयकादंबरीची आठ आवश्यक अंगे सांगितली आहेत : नायक-नायिकेभोवतीच्या समाजाचे चित्रण, त्यांची भेट, त्यांच्यामधील अडसर, परस्परांविषयीचे आकर्षण, प्रेमाची कबुली, सर्व आशा मावळल्याचा क्षण, अडसर दूर करणारी उमज, आणि वाङ्निश्चय. यांचा क्रम बदलू शकतो. यांपैकी एखादे अंग ओझरतेही येऊ शकते. परंतु एकही अजिबात वगळून चालत नाही.

संस्कृत नाट्यशास्त्राशी परिचय असलेल्यास ही मांडणी अगदीच परकी वाटणार नाही. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्थांतही फलप्राप्ती गृहीतच धरलेली आहे. नाटक सुखान्त होणार हे प्रेक्षकाला अगोदरच ठाऊक असे. म्हणून त्याचा रसभंग होत नसे. शेवट ठाऊक असणे हा दोष असेल, तर तो केवळ प्रणयकादंबरीचा नव्हे. अशा रचनेत ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘ते कसे होणार’ हा एकच प्रश्न उरतो. वाचकाचे सारे मत या ‘कसे’विषयी असते.

३

आता मतांच्या भाषेकडे वळू. पुढील वाक्ये कोणा विशिष्ट व्यक्तीची नव्हेत. अशा कादंबऱ्या वाचणारे मराठी भाषक ज्या धर्तीवर बोलतात, ती धर्ती दाखविण्यासाठी ती रचली आहेत.

(१) गोष्ट आवडली, पण शेवट पटला नाही.
(२) दोघे एकदा समोरासमोर बसून बोलले असते, तर पन्नासाव्या पानावरच सगळे मिटले असते.
(३) इतके दिवस तिला छळले, आणि एका पानात माफी मागून मोकळा झाला.
(४) शेवट उरकून टाकला आहे.
(५) लग्नानंतरचे थोडे तरी यायला हवे होते.

पहिल्या वाक्यात दोन क्रियापदे आहेत आणि ती समानार्थी नाहीत. ‘आवडणे’ आणि ‘पटणे’ या दोहोंतही अनुभवणारी व्यक्ती चतुर्थीत येते : मला आवडली, मला पटला. परंतु ‘आवडणे’ हे केवळ रुचीचे विधान आहे. ‘पटणे’ यात दोन गोष्टी जुळण्याची कल्पना आहे. ओळख पटते, खूण पटते, दोघांचे एकमेकांशी पटते. या सर्व प्रयोगांत एक वस्तू दुसरीशी ताडून पाहिलेली असते. मग शेवट पटला नाही, असे वाचक म्हणतो तेव्हा तो कशाशी ताडलेला असतो?

वास्तव जीवनाशी, असे उत्तर सहज सुचेल. परंतु ते टिकणारे नाही. कोट्यधीश उद्योगपतीने आपल्याच कचेरीतील सामान्य स्थितीच्या मुलीशी विवाह करणे हे जीवनात दुर्मिळ आहे. त्याबद्दल ‘पटले नाही’ अशी तक्रार नित्य वाचक करीत नाही. त्याच उद्योगपतीने तिचा अपमान करून नंतर दोन वाक्यांत क्षमा मागितली, तर मात्र ती तक्रार तत्काळ होते. म्हणजे येथे ताडून पाहण्याचे माप जीवन हे नसून त्या वाङ्मयप्रकाराचा अंतर्गत नियम हे आहे. श्रीमंती, योगायोग, देखणेपणा या गोष्टी कथेच्या आरंभी उसन्या मिळतात. हृदयपरिवर्तन मात्र कथेला स्वतः कमवावे लागते. हा नियम कोणत्याही वाचकाने कोठे पाठ केलेला नसतो. तरी तो मोडताच सर्वांना कळतो.

दुसरे वाक्य संकेतार्थी आहे. ‘असते तर’ या रचनेने वाचक एक पर्यायी कथानक उभे करतो आणि मूळ कथानक त्यापुढे कोसळते हे दाखवितो. त्याचा आक्षेप अडसराच्या प्रतीवर आहे. केवळ मौनावर उभा असलेला अडसर हा अडसरच नव्हे, असे तो सांगत असतो. इंग्रजी प्रणयकादंबरीच्या वाचकवर्गात या दोषाला ‘मोठा गैरसमज’ अशा अर्थाची स्वतंत्र संज्ञाच रूढ झाली आहे. एखाद्या वर्गाला दोषासाठी पारिभाषिक शब्द लागतो, ही त्या वर्गाच्या चिकित्सक वृत्तीचीच खूण आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यांत क्रियापदांची निवड बोलकी आहे. ‘माफी मागितली’ न म्हणता ‘माफी मागून मोकळा झाला’ असे म्हटल्याने नायकाची क्षमायाचना ही पश्चात्तापाची नव्हे, तर सुटकेची क्रिया ठरते. ‘शेवट केला’ न म्हणता ‘उरकून टाकला’ असे म्हणताच लेखकाचे कर्तव्य एखाद्या घरकामाच्या पातळीवर उतरते. हे निवाडे किती नेमके आहेत, हे एका जुन्या उदाहरणावरून ध्यानात येईल. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यन्ताला शकुंतला आठवत असते. तरी तो भर सभेत तिला नाकारतो. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणली, आणि नायकाचे वर्तन पटण्याजोगे केले. एवढ्यावर न थांबता त्याने सहाव्या अंकाचा बहुतांश राजाच्या अनुतापाला दिला. राजा एका श्लोकात क्षमा मागून मोकळा होत नाही. प्रस्तुत वाक्यांतील अपेक्षा आणि कालिदासाने केलेला बदल यांच्यामागील जाणीव एकच आहे. दोन्ही कृतींची योग्यता समान आहे, असा याचा अर्थ अर्थातच नाही.

पाचव्या वाक्यातील ‘हवे होते’ हा प्रयोग अपुऱ्या राहिलेल्या देण्याचा निर्देश करतो. वाचक येथे अधिक मजकुराची हौस व्यक्त करीत नाही. सुख मिळाल्याचे सांगितले, पण दाखविले नाही, अशी त्याची तक्रार आहे. आजच्या अनेक प्रणयकादंबऱ्यांत कथा संपल्यावर काही महिन्यांनंतरचे किंवा वर्षांनंतरचे चित्र दाखविणारा उपसंहार येतो, तो ही अपेक्षा पुरविणाराच आहे.

४

या तक्रारी वारंवार त्याच त्या का उद्भवतात? त्याचे कारण लेखकांच्या आळसापेक्षा प्रकाराच्या आकारात अधिक आहे. मालिकेतील लघु प्रणयकादंबरी सामान्यतः ५०,००० ते ७५,००० शब्दांची असते. इतक्या जागेत उपकथानकाला फारसा वाव नसतो. दोन माणसे आणि त्यांच्यामधील अंतर एवढेच भांडवल असते. अडसर बाहेरचा असेल, म्हणजे घराण्याचे वैर, कर्ज, दूरदेशी नोकरी अशा स्वरूपाचा असेल, तर तो उभा करण्यात पाने खर्च होतात. तो आतला असेल, म्हणजे भय, अहंकार, पूर्वीचा दुखावा असेल, तर उभा करणे सोपे, परंतु दूर करणे कठीण. कारण स्वभाव बदललेला दाखविण्यास काळ लागतो. गैरसमज मात्र एका प्रसंगात निर्माण होतो आणि एका संभाषणात मिटतो. पानांची काटकसर करणाऱ्या लेखकाला तो सोयीचा वाटतो, आणि येथेच वाक्य (२) चा दोष घडतो. त्याने आतला अडसर निवडला आणि शेवटी पाने पुरली नाहीत, की वाक्य (३) आणि (४) चे दोष घडतात. म्हणजे वाचकाच्या या तक्रारी परस्परांपासून सुट्या नाहीत. एका मर्यादेचे ते निरनिराळे परिणाम आहेत, आणि वाचकाने ते नेमक्या त्या जागी टिपले आहेत.

५

वाचकमताला प्रमाण मानून केलेला सर्वांत प्रसिद्ध अभ्यास जॅनिस रॅडवे यांचा असून तो १९८४ साली ग्रंथरूपाने प्रकाशित झाला. ‘स्मिथटन’ असे कल्पित नाव दिलेल्या एका अमेरिकन गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांना त्यांनी प्रश्नावल्या दिल्या आणि त्यांच्यापैकी काहींशी प्रत्यक्ष संभाषण केले. या स्त्रिया लघु मालिकांबरोबर मोठ्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्याही वाचीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सुखान्त, हळूहळू पण अखंड वाढत जाणारे प्रेम, आणि मीलनानंतरचा काही तपशील, या गोष्टींना त्यांनी महत्त्व दिले. त्यांच्यापैकी काही जणी पुस्तक घेण्यापूर्वी शेवट वाचून पाहत. त्यांनी आदर्श मानलेल्या कादंबऱ्यांवरून रॅडवे यांनी कथानकाची तेरा कार्ये निश्चित केली. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली अद्भुतकथांची एकतीस कार्ये सांगितली होती; त्याच पद्धतीचा हा विस्तार होय.

रॅडवे यांचा निष्कर्ष मात्र दुपेडी आहे, आणि अभ्यासकाने त्याचे दोन्ही पेड धरून ठेवले पाहिजेत. वाचन ही कृती म्हणून पाहिल्यास, सतत इतरांसाठी राबणाऱ्या स्त्रीने स्वतःसाठी राखून ठेवलेला तो वेळ आहे. त्यात एक मूक निषेध आहे. परंतु कथेतील अर्थ पाहिल्यास, नायकाच्या कठोर वर्तनाचा उलगडा ‘तो पूर्वी दुखावला गेला होता’ असा होतो, आणि त्या उलगड्याने आधीच्या साऱ्या कृतींना नवा, सौम्य अर्थ प्राप्त होतो. जे जीवनात सोसू नये ते कथेत पटू लागते.

‘पटणे’ या क्रियापदाची मर्यादा येथे उघड होते. मातृभाषकाच्या निवाड्यावरून वाक्य शुद्ध आहे की नाही एवढे ठरते. ते सत्य आहे की हितकर आहे, हे ठरत नाही. तद्वत, कादंबरी पटली या मतावरून ती नियमानुसार रचली आहे एवढेच सिद्ध होते. तो नियमच तपासून पाहण्याचा अधिकार समीक्षकाकडे राहतो. परंतु नियम कोणता हे वाचकाकडून समजून घेतल्याखेरीज त्या अधिकाराला अर्थ नाही.

मतदात्री कोण आणि ती कोणत्या परिस्थितीत वाचते, हेही पाहावे लागते. राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादेतील तरुणींच्या मिल्स अँड बून वाचनाचा अभ्यास केला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून असे दिसते की, तेथे या पुस्तकांना इंग्रजी भाषेच्या प्रतिष्ठेचेही वलय होते. अमेरिकन गृहिणीला जे वाचन विसाव्याचे वाटते, तेच भारतीय विद्यार्थिनीला भाषा आत्मसात करण्याचे आणि आधुनिक जगाशी नाते जोडण्याचे साधन वाटू शकते. दोघींनीही ‘आवडली’ म्हटले, तरी त्या शब्दामागील अनुभव एक नव्हे.

६

या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मताचे रूपांतर गुणांकात करू नये. दहापैकी सहा गुण या नोंदीत ‘आवडली, पण पटली नाही’ आणि ‘पटली, पण आवडली नाही’ ही दोन अगदी भिन्न मते एकच होऊन बसतात. दुसरे, वाचकाने वापरलेले क्रियापद जसेच्या तसे नोंदवावे. ‘उरकला’ याचे ‘संपला’ असे शुद्धीकरण केल्यास प्रमाणच नष्ट होते. तिसरे, ‘का नाही पटले?’ याबरोबर ‘मग काय हवे होते?’ असेही विचारावे. कारण नियम सांगता येत नसला, तरी चुकलेले वाक्य सुधारून देणे बहुतेकांना येते.

‘सहज वेळ घालवायला वाचते’ असे सांगून आपल्या वाचनाविषयी ओशाळणारी वाचक स्त्री आपल्याला घरोघरी आणि विद्यापीठाच्या वसतिगृहातही भेटते. ते ओशाळणे तिने आपल्यासारख्या जाणकारांच्या नापसंतीवरूनच उचललेले असते. तिच्याजवळ त्या वाङ्मयप्रकाराचे जे सूक्ष्म ज्ञान आहे ते नोंदवून घेणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. आणि त्यासाठी प्रथम तिचे वाक्य पूर्ण ऐकून घेतले पाहिजे.