सुखाची शिडी

एक शिडी डोळ्यांपुढे आणा. दहा पायऱ्यांची शिडी. तिच्या अगदी वरच्या पायरीवर तुमचे चांगल्यात चांगले आयुष्य आहे. तुम्हांला मनापासून जसे जगावेसे वाटते, तसे. अगदी खाली, जमिनीवर, वाईटात वाईट आयुष्य आहे. आता सांगा, आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?

हा नुसता खेळ नाही बरं का. हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९६५ साली ही शिडी लोकांपुढे मांडली. हल्ली दर वर्षी जगातल्या पुष्कळ देशांत हाच प्रश्न विचारतात. एकेका देशात साधारण हजार माणसांना विचारतात. शेतकरी, मजूर, कारकून, म्हातारे, तरुण, बाया, बापे, सगळ्यांना. कोणी म्हणतो, "मी चौथ्या पायरीवर." कोणी म्हणतो, "मी सातव्या." मग तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात आणि देशांची यादी लावतात.

सरासरी म्हणजे काय? पाच घरांत मिळून वीस भाकऱ्या असल्या, तर घरटी चार. कोणाकडे सहा असतील, कोणाकडे दोन. तरी सरासरी चारच.

या यादीला जागतिक आनंद अहवाल म्हणतात. पहिला अहवाल २०१२ साली निघाला.

कोण वर, कोण खाली

२०२५ सालच्या यादीत १४७ देश होते. पहिला आला फिनलंड. तिथली सरासरी पावणेआठच्या जवळ होती. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षे हाच देश पहिला आला. त्याच्यामागे डेन्मार्क, आइसलंड आणि स्वीडन. सर्वांत शेवटी अफगाणिस्तान. तिथली सरासरी दीड पायरीसुद्धा भरत नाही. आपला भारत ११८ वा. सरासरी साडेचारच्या थोडी खाली. शेजारचा नेपाळ ९२ वा.

हजार माणसांच्या उत्तरावरून एवढ्या मोठ्या देशाचे सगळे कळते, असे आम्ही म्हणत नाही. यादीत दोनचार नंबर इकडेतिकडे झाले, तर त्याचे काही मनावर घेऊ नये. पण पावणेआठ आणि साडेचार यांत तीन पायऱ्यांहून जास्त अंतर आहे. एवढे अंतर का पडते, हे समजून घेतले पाहिजे.

पैशाने सुख मिळते का?

आता तुम्ही म्हणाल, "त्यात काय मोठं? ते देश श्रीमंत. पैसा आहे म्हणून सुखी."

यात खरे आहे. पोटाला अन्न नाही, आजाऱ्याला औषध नाही, डोक्यावर छप्पर नाही, तिथे सुख कुठून यावे? यादीच्या तळाशी गरीब आणि लढाईने पोळलेले देश आहेत. गरिबाला चार पैसे जास्त मिळाले, तर तो खरोखरच वर चढतो.

पण पैशाचे काम काही पायऱ्यांपर्यंतच चालते. रिचर्ड ईस्टरलिन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली एक गोष्ट दाखवून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या लोकांची मिळकत पुष्कळ वाढली. पण "आम्ही सुखी आहोत" असे सांगणारे त्या मानाने वाढले नाहीत. आजही पाहा. अमेरिकेतली माणशी मिळकत फिनलंडपेक्षा जास्त आहे. तरी २०१२ साली अमेरिका अकरावी होती, ती २०२५ साली चोविसावी झाली. तिथे २०२३ साली चार माणसांतले सुमारे एक जण असे सांगत होते, की काल दिवसभर आम्ही एकटेच जेवलो. ताटात सगळे आहे, पण शेजारी कोणी नाही. याउलट मध्य अमेरिकेतला कोस्टारिका हा छोटा देश. तो अमेरिकेहून किती तरी गरीब. पण यादीत सहावा.

तेव्हा पैसा हवा, पण नुसता पैसा पुरत नाही.

फिनलंड आधीपासून सुखी होता का?

मुळीच नाही. फिनलंड युरोपच्या उत्तरेला आहे. लोकसंख्या छप्पन्न लाखांच्या आसपास. म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. थंडी तर अशी, की उत्तरेच्या टोकाला हिवाळ्यात पन्नासएक दिवस सूर्य उगवतच नाही. १८६६ ते १८६८ या वर्षांत तिथे मोठा दुष्काळ पडला. शंभरातली सुमारे आठ माणसे मेली. १९१७ साली देश स्वतंत्र झाला आणि लगेच १९१८ साली आपसांत युद्ध पेटले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले.

अशा देशाने पुढे काय केले? वाचनाची गोडी तिथे जुनी. १६८६ च्या चर्चच्या कायद्यापासून तिथे प्रत्येकाने वाचायला शिकावे असा दंडक आला. वाचता येत नसेल, तर लग्नाला परवानगी मिळणे कठीण! १९०६ साली तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. युरोपात सर्वांत आधी. १९४८ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचे जेवण फुकट मिळू लागले. गरिबाच्या मुलाला वेगळी पंगत नाही. सगळ्यांना एकच जेवण.

दुःख काही संपले नाही. १९९० च्या सुमारास तिथे आत्महत्या फार होत. लोकांनी ते झाकून ठेवले नाही. सरकारने आणि डॉक्टरांनी मिळून काम हाती घेतले. पुढे हळूहळू ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

म्हणजे सुख तिथे आभाळातून पडले नाही. ते माणसांनी बांधले.

शिडीला धरणारे सहा हात

हा अहवाल तयार करणारे विद्वान सहा गोष्टी तपासतात. पहिली, मिळकत. दुसरी, निरोगी आयुष्य. तिसरी, संकटात धावून येणारे माणूस आहे की नाही. चौथी, आपले आयुष्य आपल्या मनाप्रमाणे ठरवायची मोकळीक. पाचवी, दुसऱ्याला देण्याची वृत्ती. सहावी, कारभारात लाचलुचपत किती आहे ती.

नीट पाहा. यांतल्या तीन गोष्टी सरळ माणसामाणसांतल्या आहेत. संकटात कोण येईल? आपण कोणाला देतो का? आणि ज्यांच्या हाती कारभार दिला, त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो का?

उत्तनच्या कोळीवाड्याचेच घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दोन महिने हाती मिळकत नाही. अशा वेळी एका घरात मूल आजारी पडले. त्या बाईचा बचत गट असेल, शेजारीण रात्री बरोबर येणारी असेल, दवाखान्यात औषध मिळणार असेल, तर ती घाबरेल, पण मोडणार नाही. दुसऱ्या घरची बाई तेवढीच गरीब. पण तिला सावकाराशिवाय दार नाही. दोघींची मिळकत सारखी. तरी दोघी एका पायरीवर आहेत काय?

"सुख मानण्यावर आहे"

आपल्याकडे एक बोलणे नेहमी ऐकू येते. "सुख मानण्यावर आहे." मन शांत ठेवावे, फार हाव धरू नये, हे खरेच आहे. पण हे बोलणे कोण कोणाला ऐकवतो, तेही पाहावे. नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि वर सांगायचे, "समाधानी राहा." हे काही बरोबर नाही.

२०१८ सालच्या अहवालाने याचे उत्तर दिले. एका देशातून दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या माणसांनाही तोच प्रश्न विचारला होता. असे दिसले, की ही माणसे नव्या देशात जवळजवळ तिथल्या लोकांइतकीच सुखी किंवा दुःखी होतात. जुन्या देशाची थोडी सावली राहते, इतकेच. सुख नुसते स्वभावात असते, तर माणूस जिथे जाईल तिथे ते बरोबर घेऊन गेला असता. तसे होत नाही. माणूस तोच, पण जागा बदलली की पायरी बदलते.

आपल्या मीरा-भाईंदरला ही गोष्ट फार लागू आहे. एके काळी इथे मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे होते. १९९१ साली इथली वस्ती पावणेदोन लाख होती. २००१ साली ती पाच लाखांवर गेली आणि २०११ साली आठ लाखांवर. कोणी कोकणातून आले, कोणी घाटावरून, कोणी गुजरातेतून, कोणी उत्तरेकडून. राई, मुर्धे, मोर्वे, नवघर इथली जुनी मंडळी आणि हे नवे लोक, सगळे आता एकाच गावचे झाले. आपण हे गाव जसे करू, तशी या सगळ्यांची पायरी ठरेल.

हरवलेले पाकीट

आता एक गमतीची परीक्षा ऐका. २०१३ साली रीडर्स डायजेस्ट मासिकाने जगातल्या १६ शहरांत पाकिटे मुद्दाम रस्त्यावर टाकली. प्रत्येक शहरात बारा. पाकिटात पैसे आणि मालकाचा फोन नंबर. कोण परत करतो ते पाहायचे होते. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, बारांपैकी अकरा परत आली. आणि दुसरा नंबर कोणाचा असेल? आपल्या मुंबईचा! बारांपैकी नऊ. न्यूयॉर्कमध्ये आठ आली. लिस्बन शहरात फक्त एक.

२६ जुलै २००५ चा पाऊस तर पुष्कळांच्या लक्षात असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल गाड्या बंद पडल्या. माणसे कमरेइतक्या पाण्यातून चालत निघाली. तेव्हा वाटेवरच्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, चहा दिला, जेवू घातले. कोणी कोणाची जात विचारली नाही, भाषा विचारली नाही.

मग आपली माणसे इतकी चांगली, तर देश ११८ वा का?

आम्हांला असे वाटते, की आपल्याकडे चांगुलपणा आहे, पण तो पुरात दिसतो, कचेरीच्या खिडकीपाशी दिसत नाही. दाखला काढायचा तर ओळख लागते. ओळख नसली तर चहापाणी लागते. फिनलंडमध्ये सामान्य माणसाला वशिला शोधत फिरावे लागत नाही. त्याचे काम नियमाने होईल, अशी त्याला खात्री असते. आपल्याकडे चांगुलपणा माणसात आहे. तो कारभारात उतरायचा आहे.

आणखी एक. २०२५ च्या अहवालात म्हटले आहे, की हरवलेली पाकिटे लोकांना वाटते त्याच्या जवळजवळ दुप्पट परत येतात. म्हणजे आपण एकमेकांना उगाचच वाईट समजतो.

हे आपल्याकडे होईल का?

होते. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. कमी पावसाचे गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव मोडकळीला आले. दारू वाढली, भांडणे वाढली, माणसे मुंबई-पुण्याकडे निघून गेली. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने एकत्र बसून पाच नियम केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणले, पाणी अडवले. विहिरींना पाणी आले. यंदा पाणी किती आहे आणि त्यावर कोणते पीक घ्यायचे, याचा हिशोब ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात. गेलेली कुटुंबे परत आली.

पाणी आले म्हणून मिळकत वाढली, हे तर झालेच. पण आधी काय झाले? गावाने एकमेकांवर विश्वास टाकला आणि हिशोब उघडा ठेवला.

आपण काय करावे?

मोठी कामे सरकारची आणि महापालिकेची आहेत. शाळा, दवाखाना, पाणी, गटार ही त्यांनी केलीच पाहिजेत. ती मागायला संकोच करू नये. पण मागण्यासाठी नियम ठाऊक हवा. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, फी किती, कोणता अधिकारी तो देईल, हे कचेरीबाहेर फलकावर लिहिले पाहिजे, असा नियम आहे. मुदतीत काम झाले नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. आजपर्यंत तो फलक तुमच्यासाठी नुसती भिंत होती. आता तुम्ही वाचायला शिकलात. पुढच्या खेपेला कचेरीत जाल, तेव्हा आधी तो फलक वाचा. मग खिडकीपाशी जा.

आणि काही कामे आपल्याच अंगणातली आहेत. जिन्यात नवे बिऱ्हाड आले, तर त्यांचे नाव विचारा. एकटी म्हातारी राहत असेल, तर दिवसातून एकदा हाक मारा. बचत गटाचा हिशोब सगळ्या बायांसमोर मोठ्याने वाचा. आठवड्यातून एकदा तरी घरची सगळी माणसे एकत्र जेवायला बसा.

वर्गात बोलण्यासाठी

१. शिडीच्या कितव्या पायरीवर तुम्ही आहात? पाच वर्षांपूर्वी कितव्या पायरीवर होता?

२. रात्री बारा वाजता अडचण आली, तर तुम्ही कोणाचे दार ठोठवाल? तुमचे दार कोण ठोठवील?

३. आपल्या वस्तीत कोणती एक सोय झाली, तर सगळेच एक पायरी वर चढतील? ती कोणाकडे मागायची? त्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहून आणा.